चढणीचा मासा

(वाचनालयाच्या शताब्दी व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



या व्याख्यानमालेत बोलण्याचे निमंत्रण कार्यवाहांनी दिले, तेव्हा मी संतसाहित्यावर अथवा बुऱ्हाणपुरातील मराठीच्या वाटचालीवर काही बोलेन अशी त्यांची अपेक्षा असावी. मी विषय कळविला, ‘नदीतले मासे’. दूरध्वनीवर क्षणभर शांतता पसरली. मग ते संकोचाने म्हणाले, “सर, आपण तर मासे खात नाही!” गोष्ट खरी आहे. आमच्या घरात सात पिढ्यांत कोणी मासा शिजविला नाही. तेव्हा मासा न खाणाऱ्या, मराठी शिकविणाऱ्या माणसाने माशांवर तासभर बोलावे हे थोडे विपरीतच आहे. परंतु या विषयामागे माझे एक जुने देणे आहे आणि ते याच वास्तूत, याच कपाटांसमोर उभे राहून झालेले आहे. म्हणून ते इथेच फेडावे असे मनाने घेतले.

सुमारे अठरा वर्षांपूर्वीची गोष्ट. आमच्या महाविद्यालयात मराठी विषय घेणारे विद्यार्थी तेव्हाही हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच असत. प्रथम वर्षाच्या वर्गाला मी ‘आमची नदी’ या विषयावर निबंध लिहावयास सांगितला. ताप्ती ही सूर्यकन्या, तिचा उगम मुलताईला, ती पश्चिमवाहिनी, तिच्या काठी मुमताजमहल १६३१ साली निवर्तली, अशा ठरावीक वाक्यांनी सजलेले निबंध आले. एका मुलाचा निबंध मात्र निराळा होता. त्याचे वडील राजघाटाच्या अंगाला जाळे टाकीत. त्याने लिहिले होते की, आषाढातल्या पहिल्या गढूळ पाण्याला बाडस डोहातून निघतो आणि प्रवाहाच्या उलट वर चढतो. त्या दिवसांत मादीच्या पोटात अंडी असतात म्हणून आजोबा मोठे जाळे घरात टांगून ठेवीत. शुद्धलेखनाच्या चुका पुष्कळ होत्या. मी त्या सर्व सुधारल्या आणि ‘बाडस’ या शब्दाखाली लाल रेघ ओढून समासात लिहिले, ‘बोली शब्द. मराठी शब्द द्यावा.’

तास संपल्यावर तो मुलगा आला. “सर, मराठीत याला काय म्हणतात?” त्याच्या प्रश्नात कसलाही खोचकपणा नव्हता. मला उत्तर ठाऊक नव्हते. “पाहून सांगतो,” असे मी म्हटले आणि त्या संध्याकाळी इथे आलो. मोल्सवर्थचा कोश काढला, दुसरे दोन कोश काढले. माशांची नावे पुष्कळ सापडली. पण त्यांतल्या कित्येकांपुढे ‘एक जातीचा मासा’ एवढाच अर्थ. कोणता, कसा दिसणारा, कोणत्या पाण्यातला, काही नाही. कोशकारांना दोष देण्यात अर्थ नाही. त्यांच्यापुढे लाखभर शब्दांचा डोंगर होता. मी कोश मिटला. त्या मुलाला मात्र काहीच सांगितले नाही. त्यानेही पुन्हा विचारले नाही.

पुढे २०११ साली मध्यप्रदेश शासनाने महसीर हा राज्याचा मासा म्हणून घोषित केला. वर्तमानपत्रातील बातमीत त्याचे नर्मदाकाठचे नाव कंसात दिले होते, बाडस. राज्याने ज्याला मान दिला, त्याच्या नावाखाली मी लाल रेघ ओढली होती! तेव्हापासून मिळेल ते वाचीत गेलो आणि जाता-येता नदीकाठच्या माणसांशी बोलत गेलो. आज सांगणार आहे ते त्या हौशी वाचनाचे फलित आहे. प्राणिशास्त्राच्या जाणकारांनी सांभाळून घ्यावे.

महसीर ही एक मोठी, देखणी, जाड खवल्यांची जात. नर्मदा आणि ताप्ती या आपल्या दोन पश्चिमवाहिनी नद्यांत जो आढळतो त्याला शास्त्रज्ञ ‘टॉर टॉर’ म्हणतात. दख्खनच्या नद्यांतला त्याचा भाऊबंद ‘टॉर खुदरी’. यातला ‘खुदरी’ हा शब्द कुठून आला? कर्नल सायक्स नावाचा इंग्रज लष्करी अधिकारी १८३० च्या सुमारास दख्खनची पाहणी करीत हिंडत होता. पुण्याजवळच्या मुळा-मुठेतील मासे त्याने पाहिले, कोळ्या-भोयांना नावे विचारली आणि त्यांच्या तोंडची मराठी नावेच लॅटिन शास्त्रीय नावांत बसविली. एका परक्या लष्करी माणसाला जे सुचले ते मराठीची पदव्युत्तर पदवी घेतलेल्या मला सुचले नाही, ही गोष्ट मला अजूनही टोचते.

या माशाचा स्वभाव त्या मुलाने निबंधात लिहिला होता तसाच आहे. उन्हाळाभर तो खोल डोहात राहतो. पावसाळ्यात नदी फुगली की प्रवाहाविरुद्ध चढून उपनद्यांच्या, ओढ्यांच्या तोंडाशी जातो. जिथे तळाशी वाळूगोटे आहेत आणि पाणी खळाळते, स्वच्छ आहे, अशा ठिकाणी मादी अंडी घालते, तीही एका वेळी सर्व नव्हे, थोडी थोडी करून. साचलेल्या गाळात ती अंडी गुदमरतात. आपल्या भाषेत अशा माशांना फार सुंदर शब्द आहे, ‘चढणीचे मासे’. कोकणात ‘वलगण’ म्हणतात. या एका शब्दात त्या माशाचे सगळे चरित्र आहे: चढता आले नाही तर तो नाही.

इंग्रज शिकाऱ्यांना हा मासा पाहून आपल्या देशातल्या सॅमनची आठवण होई. एच. एस. थॉमस या मुलकी अधिकाऱ्याने १८७३ साली गळाने मासे धरण्यावर एक ग्रंथच लिहिला आणि त्यात झुंजीच्या बाबतीत महसीरला सॅमनच्याही वर बसविले. दोघांत फरक आहे. सॅमन नदीत जन्मतो, समुद्रात वाढतो आणि अंडी घालण्यासाठी पुन्हा जन्मनदी शोधीत येतो. आपला महसीर समुद्राचे तोंड पाहत नाही. पण वर चढणे हा दोघांचाही धर्म. म्हणूनच सॅमनचे पुढे काय झाले ते आपणही ऐकण्यासारखे आहे. त्याकडे मी येणार आहे; आधी घरचे पाहू.

स्वातंत्र्यानंतर केंद्रीय अंतर्देशीय मत्स्य संशोधन संस्थेने १९५८ ते १९६६ या काळात नर्मदेतील माशांचा बारकाईने अभ्यास केला. होशंगाबाद, म्हणजे आजचे नर्मदापुरम्, हे त्याचे एक प्रमुख ठिकाण. जाळ्यात येणाऱ्या माशांची जातवार मोजदाद होई. त्या नोंदींवरून दिसते की, त्या काळी नर्मदेतील एकूण पकडीचा सुमारे चौथा हिस्सा, किंबहुना थोडा अधिकच, एकट्या महसीरचा होता. चार किलो मासे निघाले तर त्यातला किलोभर बाडस! आज काठावरच्या माणसाला हे सांगितले तर तो आपल्याकडे संशयाने पाहतो. नंतरच्या दशकांतील पाहण्यांत हा हिस्सा घसरतच गेला आणि आता बऱ्याच ठिकाणी तो नगण्य झाला आहे.

मधल्या काळात नदीवर पायऱ्या बांधल्या गेल्या. चढण्यासाठी नव्हे, अडविण्यासाठी. १९७० च्या दशकात तवा, १९९० मध्ये बर्गी, २००५ च्या सुमारास इंदिरा सागर, २००७ मध्ये ओंकारेश्वर. खाली गुजरातेत सरदार सरोवर, ज्याचे लोकार्पण २०१७ मध्ये झाले. इंदिरा सागर तर साठवणक्षमतेने देशातला सर्वांत मोठा जलाशय. त्यात हरसूद बुडाले. इथून फार दूर नाही हरसूद. २००४ च्या जून महिन्यात ते गाव स्वतःच्या हातांनी आपल्या भिंती पाडीत होते, हे आपल्यापैकी कित्येकांनी पाहिले आहे. माणसांच्या विस्थापनावर पुष्कळ लिहिले गेले आणि ते योग्यच झाले. परंतु त्याच पाण्याखाली खळाळते उतार गेले, वाळूगोट्यांचे पट्टे गेले, उपनद्यांची तोंडे गेली. महसीरचे बाळंतघर बुडाले. त्याचे पुनर्वसन कोणत्याही आराखड्यात नव्हते.

मी धरणांचा सरसकट विरोधक नाही. या सभागृहातले दिवे ज्या विजेवर जळत आहेत ती कुठून आली हे मला कळते. निमाडातल्या शेतकऱ्याला पाणी नको असेही मी कोणत्या तोंडाने म्हणू? माझी तक्रार हिशेबाबद्दल आहे. धरणानंतर मत्स्यव्यवसायाच्या अहवालांत एक वाक्य नेहमी येते: उत्पादन वाढले. हे वाक्य खोटे नसते. जलाशयात कटला, रोहू, मृगल यांची बीजे सोडतात. हे गंगेच्या खोऱ्यातले मासे, लवकर वाढतात, बाजारात खपतात. साचलेल्या पाण्यात ते सहसा वीण करीत नाहीत, म्हणून दरवर्षी नव्याने बीज सोडावे लागते. सोडलेले बीज आणि काढलेला मासा यांची वजाबाकी केली की टन येतात. टनांत मासा मोजला जातो; पण कोणता मासा, हे टनांत दिसत नाही. आणि तो कोणी धरला, कोणाच्या हक्काने धरला, हेही दिसत नाही. आज मला जे एक सांगायचे आहे ते एवढेच. बाकी सगळे त्याची उदाहरणे आहेत.

तो विद्यार्थी मला काही वर्षांनी पुन्हा भेटला. आता तो एका पॉवरलूमवर पाळी करतो. त्याच्या आग्रहावरून मी त्याच्याबरोबर त्याच्या आत्याच्या गावी गेलो. गाव कसले, नर्मदेवरील एका जलाशयाच्या काठची नवी वस्ती. त्याच्या आतेभावाने आम्हांला पहाटे नावेतून नेले. जाळ्यात कटला चांगला आला, दोन तर हात-हातभर लांबीचे. मी अभिनंदन केले. त्यावर तो म्हणाला, “सर, हा मासा माझा नाही. मी फक्त काढतो.” मासा ठेकेदाराच्या काट्यावर जातो, याला किलोमागे ठरलेली मजुरी मिळते. घरी कालवणाला एक मासा ठेवून घेतला तर ती चोरी. त्याचा बाप त्याच पाण्याच्या तळाशी असलेल्या नदीत, कोणाला न विचारता, जाळे टाकीत असे. नदी सर्वांची होती. जलाशयाचा पट्टा असतो, आणि पट्टा म्हटला की बोली, अनामत, हप्ता या गोष्टी आल्या. त्या ज्याला जमतात त्याला माशांची नावे माहीत असावी लागत नाहीत.

नदी अडली म्हणजे काठच्या माणसाचा हक्कही अडतो, हा अनुभव केवळ आपला नाही. आता सॅमनकडे येतो.

अमेरिकेच्या वायव्य टोकाला कोलंबिया नावाची महानदी आहे. एके काळी तिच्यात दरवर्षी सुमारे एक कोटी ते एक कोटी साठ लाख सॅमन आणि त्याच्या जवळच्या जातीचे मासे समुद्रातून वर चढत, असा अंदाज आहे. तिच्या काठी आदिवासींचे जीवन, लग्नसंबंध, व्यापार, देवधर्म सारे या माशाभोवती गुंफलेले. १९३३ साली ग्रँड कूली धरणाचे काम सुरू झाले. मासे वर जाण्यासाठी काही ठिकाणी धरणाच्या अंगाने पाण्याच्या पायऱ्या ठेवतात. हे धरण इतके उंच की तीही सोय केली नाही. वरच्या अंगाला केटल फॉल्स हा धबधबा बुडणार होता. १९४० च्या जूनमध्ये हजारो आदिवासी तिथे जमले आणि त्यांनी नदीला आणि माशाला निरोप देण्याचा विधी केला. त्या विधीचे नाव ‘अश्रूंचा समारंभ’. खाली सेलिलो नावाचा आणखी एक धबधबा होता. तिथे माणसे दहा हजार वर्षे मासे धरीत आली होती असे सांगतात. १० मार्च १९५७ रोजी द डॅलेस धरणाचे दरवाजे बंद झाले आणि काही तासांत तो पाण्याखाली गेला. हे वाचताना मला दरवेळी हरसूद आठवते.

त्या देशातही उत्पादनाचा उपाय झाला. पैदास केंद्रे उघडली, पिल्ले लाखांनी सोडली. आज कोलंबियात चढणारे मासे वीस-बावीस लाखांच्या घरात आहेत आणि त्यांतील मोठा भाग केंद्रांत जन्मलेला आहे. आकडा अगदीच लाजिरवाणा दिसत नाही तो त्यामुळे.

परंतु तिथे एक निराळी गोष्ट घडली, आणि ती घडली एका जुन्या कागदामुळे. १८५४-५५ च्या सुमारास सरकारने त्या भागातील जमातींकडून जमिनी घेतल्या तेव्हा करारात एक कलम होते: आपल्या परंपरागत जागी मासे धरण्याचा त्यांचा हक्क कायम राहील. शंभर वर्षे ते कलम धूळ खात पडले. आदिवासींना मासे धरताना पकडीत, दंड करीत, जाळी जप्त करीत. १९७४ साली जॉर्ज बोल्ट या न्यायाधीशाने ते कलम शब्दशः वाचले आणि निकाल दिला की, पुढच्या पिढीसाठी आवश्यक मासे सोडून जे धरण्याजोगे उरतात त्यांच्या निम्म्या वाट्यावर या जमातींचा हक्क आहे. राज्यभर गदारोळ माजला. १९७९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल मुख्यतः उचलून धरला. ज्यांना काल चोर ठरविले ते आज नदीच्या व्यवस्थापनाचे भागीदार झाले. आणि मग त्यांनी केवळ वाटा मागितला नाही, वाहते पाणी मागितले. एल्वा नदीवरची दोन धरणे २०११ ते २०१४ मध्ये पाडली गेली. क्लॅमथ नदीवरची चार धरणे २०२४ पर्यंत उतरविली आणि त्याच वर्षीच्या शरद ऋतूत, शंभरहून अधिक वर्षांनी, सॅमन त्या जागेच्या वर चढलेला दिसला. कोणी त्याला वाट दाखविली नव्हती.

ही धरणे जुनी झाली होती, वीज थोडी देत होती, हेही सांगितले पाहिजे. उद्या आपण आपली धरणे पाडू असे स्वप्न मी दाखवीत नाही. माझे लक्ष त्या कागदावर खिळते. आपल्या भोयांच्या, ढीमरांच्या, केवटांच्या हाती असा कागद नव्हता. त्यांचा हक्क रूढीचा होता. तो तोंडी होता आणि तोंडीच गेला.

तरी कागदाविना का होईना, एक प्रयोग आपल्याच प्रदेशात झाला आणि तो पुरेसा आठवला जात नाही. तवा धरणाने आणि त्या परिसरातील इतर प्रकल्पांनी उठविलेल्या गोंड-कोरकू आदिवासींनी केसल्याच्या बाजूला दीर्घ लढा दिला. त्यातून तवा मत्स्यसंघ उभा राहिला आणि १९९६ साली जलाशयात मासे धरण्याचा हक्क त्यांच्या सहकारी संघाला पाच वर्षांसाठी मिळाला. यांतले बहुतेक पिढीजात मच्छीमार नव्हते. जंगल-शेतीची माणसे, बुडाल्यावर नावा वल्हवायला शिकली. त्यांनी ठेकेदाराविना बीज सोडले, बंदीचे दिवस स्वतः पाळले, चोरटी मासेमारी रोखण्यासाठी गस्त घातली, मासा दूरच्या बाजारांत पाठविला. उत्पादन वाढले. इथे मात्र ते वाक्य पूर्ण आहे, कारण वाढलेल्या उत्पादनाचा मालक कोण हे सांगता येते. मुदत एकदा वाढली. २००६ च्या अखेरीस संपली ती पुन्हा वाढली नाही. जलाशय राष्ट्रीय उद्यानाला लागून, म्हणून वन्यजीवांचा प्रश्न पुढे आला. बर्गीच्या विस्थापितांनीही १९९४ पासून असाच सहकारी प्रयत्न केला होता. या दोन्ही प्रयोगांनी महसीर परत आला असे मी म्हणणार नाही. तलाव तो तलावच. पण माणसे परत आली होती.

मग मासा परत आणता येतो का? इथे महाराष्ट्राकडे वळावे लागते. लोणावळ्याजवळ वळवण येथे टाटांच्या वीज कंपनीने १९७० च्या दशकारंभी महसीरचे पैदास केंद्र सुरू केले. अंडी बाहेर काढून कृत्रिम रीतीने फलवायची, पिल्ले वाढवायची, ही विद्या तिथे सिद्ध झाली आणि दख्खनी महसीरची लक्षावधी पिल्ले अनेक राज्यांना गेली. काम मोठे आणि निष्ठेने केलेले. परंतु हीच पिल्ले कावेरीत गेली, आणि कावेरीत मूळचा एक निराळा, पाठीवर कुबड असलेला प्रचंड महसीर होता. त्याचे शास्त्रीय नाव निश्चित होईपर्यंत २०१८ साल उजाडले, आणि त्याच वर्षी त्याची नोंद ‘अत्यंत संकटग्रस्त’ म्हणून झाली. त्याच्या ऱ्हासाच्या कारणांत बाहेरून आणलेला हा भाऊबंदही मोजला जातो. एका नदीचा मासा दुसरीत सोडला की संख्या वाढते आणि मासा कमी होतो, अशी ही विचित्र वजाबाकी. आपल्या नर्मदेसाठी बडवाहच्या वनविभागाने तिथल्याच बाडसची वीण करविण्याचा प्रयत्न केला, तो या दृष्टीने मला अधिक शहाणपणाचा वाटतो. तरी पिल्लू सोडायचे कुठे, हा प्रश्न उरतोच.

रायगड जिल्ह्यात महाडजवळ वाळण कोंड नावाचा डोह आहे; पालघर जिल्ह्यात वैतरणेवर तिळसे येथे महादेवाचे देऊळ आहे. दोन्ही ठिकाणी देवाचे मासे म्हणून महसीरला कोणी हात लावीत नाही. भाविक लाह्या-मुरमुरे टाकतात आणि हातभर लांबीचे मासे पायांशी येतात. श्रद्धेने डोह राखला, हे खरे. पण डोह राखणे म्हणजे नदी राखणे नव्हे. देवळापुढच्या शंभर पावलांत मासा पूज्य, त्याच्या पलीकडे सुरुंगाच्या दारूने मारला तरी चालतो! सुरुंगाचा उल्लेख मुद्दाम केला, कारण सर्व दोष धरणावर टाकून मोकळे होणे प्रामाणिकपणाचे नाही. सुरुंग, विषारी औषधे, डासांच्या जाळीसारखी बारीक जाळी, चढणीच्या दिवसांत अंडीभरल्या माशांची लूट, हे माणसेच करतात. त्यांत पिढीजात मच्छीमारही असतात. मध्यप्रदेशात १६ जून ते १५ ऑगस्ट मासेमारी बंद असते, हा नियम १९७२ पासून आहे. त्या मुलाचा आजोबा मोठे जाळे टांगून ठेवी, तो नियम वाचून नव्हे.

आता आपली ताप्ती. मुलताईपासून समुद्रापर्यंत ती ७२४ किलोमीटर वाहते. खाली गुजरातेत १९५० च्या दशकात काकरापार आणि १९७२ मध्ये उकाई झाले. आपल्या जवळ, भुसावळच्या अलीकडे हतनूर १९८२ मध्ये. म्हणजे खालून चढणाऱ्याची वाट तीन ठिकाणी अडली. वर मेळघाटातून येणाऱ्या सिपना, खापरा यांसारख्या उपनद्या आहेत, सातपुड्याचे ओढे आहेत. पण त्यांच्यापर्यंत पोचायला मधली नदी उन्हाळ्यात सलग उरत नाही. काठावर मोटारी लागतात, वाळू उपसली जाते, शहराचे सांडपाणी सरळ उतरते. आलेल्या पाहुण्याला आपण किल्ला दाखवितो, हमाम दाखवितो, १६१५ सालचा कुंडी भंडारा अभिमानाने दाखवितो. आणि तो अभिमान योग्यच आहे, कारण जमिनीखालच्या पाण्याची इतकी जाण फार थोड्या शहरांनी दाखविली. २०२२ मध्ये घरोघरी नळाचे पाणी पोचविणारा देशातला पहिला प्रमाणित जिल्हा म्हणून बुऱ्हाणपूरचे नाव झाले. चांगलेच झाले. डोक्यावरचा हंडा उतरला. मात्र त्या हंड्याबरोबर नदीवर रोज जाणारा डोळाही घरी बसला, असे मला वाटते. नदीत काय आहे आणि काय नाही हे पाहणारे आता भोयांच्या वस्तीतले चार-सहा म्हातारे तेवढे उरले.

त्यांतलेच एक माझ्या विद्यार्थ्याचे वडील. गेल्या वर्षी दिवाळीनंतर मी त्यांच्याकडे गेलो आणि सर्व हकीकत सांगून टाकली, लाल रेघेचीसुद्धा. ते हसले. “राहू द्या हो सर. पोराला मार्क किती दिले होते?” मी म्हटले, आठवत नाही. तो मुलगा कोपऱ्यात बसला होता, म्हणाला, “दहापैकी चार.”

त्यानंतर मी पाच-सहा वेळा गेलो. ते सांगत आणि मी एका वहीत माशांची नावे लिहीत असे. मरळ, वाम, शिंगाडा, कानोशी, पाढिन, झिंग्यांचे दोन प्रकार... अशी सत्तेचाळीस नावे झाली. प्रत्येकापुढे तो कोणत्या पाण्यात राहतो, कधी चढतो, कशाने धरतात, कोणाला खायला देतात आणि कोणाला देत नाहीत (बाळंतिणीसाठी वेगळा, तापकऱ्यासाठी वेगळा) हे त्यांच्याच शब्दांत आहे. शब्द मराठी की निमाडी की अहिराणी, याची छाननी मी केलेली नाही. कोणत्याही शब्दाखाली रेघ नाही. शेवटच्या रकान्यात, तो मासा त्यांनी ताप्तीत शेवटचा कधी पाहिला, हे विचारून लिहिले आहे. काहींपुढे ‘काल’ आहे, काहींपुढे ‘यंदा नाही’. सत्तेचाळिसांपैकी एकोणीस नावांपुढे त्यांनी दहा वर्षांपलीकडचा काळ सांगितला.

‘बाडस’पुढे काय लिहू असे विचारले तेव्हा ते बराच वेळ गप्प राहिले. साल त्यांना सांगता येईना. मग आतून त्यांच्या पत्नीने आवाज दिला, “थोरलीचं लग्न झालं त्या साली आणला होता, हळदीच्या दिवशी.” त्यांनी मान डोलावली. मी तसेच लिहिले आहे.

ती वही मी आज ग्रंथपालांच्या स्वाधीन करीत आहे. तिला दाखलक्रमांक द्यावा आणि ती कोशांच्या कपाटात ठेवावी, एवढी विनंती आहे.